मुरलीधर सोवनींचा खलिफा

शुक्रवारी पुण्याहून सहा खोकी आली आणि एकोणीस वर्षं मुरलीधर सोवनींच्या डोक्यात मुक्काम ठोकून बसलेला खलिफा इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या घराच्या पॅसेजमध्ये उतरला. कामाला निघालेल्या मनीषाला त्याच्यावरून ढांग टाकून दार गाठावं लागलं.

"पाय लावू नकोस," सासरे जिन्याच्या कठड्यावरून म्हणाले. "पुस्तक आहे ते."

"चारशे बारा पानं आहेत, बाबा. त्यातलं एकेक मी टाइप केलंय. पुस्तक आहे ते मला माहीत आहे."

"आणि खोकी उघडायची नाहीत. रविवारी समारंभात उघडतील. तोपर्यंत मीही बघणार नाही."

मुहूर्तावर विश्वास नसलेला हा माणूस आपल्या पुस्तकासाठी मात्र मुहूर्त पाळत होता. मनीषाने कोटाची बटणं लावली आणि ती फार्मसीत गेली. तिथे निदान लोक दुखणं घेऊन येतात आणि औषध घेऊन जातात, राज्य करायला कोणी येत नाही.

हा खलिफा, तिसरा अब्दुर्रहमान, घरात आला तो दोन हजार सहा साली. सासूबाई रेखा आणि सासरे कोच-बसच्या सहलीने स्पेनला गेले होते. कॉर्डोबाच्या बाहेर, ऊन रणरणत असताना, पडक्या राजवाड्याच्या एका खांबापुढे मुरलीधरराव दोन तास उभे राहिले. सासूबाई सुजलेले पाय घेऊन कोचच्या पायरीवर बसून होत्या. परत आल्यावर त्यांनी मनीषाला एवढंच सांगितलं होतं, "ह्यांना तिथे कोणीतरी आपल्यासारखं भेटलं गं."

भेटलं होतं खरं. हजार वर्षांपूर्वी स्पेनवर राज्य करणारा हा माणूस एकविसाव्या वर्षी गादीवर आला, पुढे त्याने स्वतःला खलिफा म्हणवून घेतलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं कोणाला वर मान करू दिली नाही. आई आणि आजी उत्तरेकडच्या ख्रिस्ती राज्यांतल्या, त्यामुळे त्याचे डोळे निळे आणि केस पिंगट होते. तो अस्सल अरब दिसावा म्हणून केसांना काळा कलप लावायचा. सासऱ्यांनी हे वाक्य लिहून दिलं त्या दिवशी त्यांच्या कानाच्या पाळीवर कलपाचा डाग होता. मनीषाने वाक्य टाइप केलं आणि डागाबद्दल काही बोलली नाही. एका लढाईत तो असा हरला, की स्वतःचं चिलखत आणि कुराण मैदानात टाकून पळाला. परत आल्यावर त्याने स्वतःला काही शिक्षा केली नाही, पळून आले म्हणून तीनशे सरदारांना सुळावर चढवलं. ह्यावर सासऱ्यांनी शीर्षक दिलं होतं 'शिस्तीचा भोक्ता'. वॉटफर्डच्या कौन्सिलमध्ये बत्तीस वर्षं ड्रेनेज खात्यात काढलेल्या माणसाला आणखी काय हवं होतं! तिथे त्यांना सुळावर कोणाला चढवता आलं नाही, ती कसर त्यांनी घरात भरून काढली.

हे सगळं मनीषा चेष्टेवारी नेत होती. प्रश्न होता पान दोनशे अकराचा.

त्या खलिफाचा एक मुलगा होता, अब्दुल्ला. वारस म्हणून थोरल्या अल-हकमला नेमल्यावर ह्याने कट केला म्हणे, आणि बापाने त्याला ठार करवलं. म्हणतात, ईदच्या दिवशी, आपल्या समोर. पान दोनशे अकरावर सासऱ्यांनी लिहिलं होतं: "राज्यकर्त्याला पुत्र नसतात, वारस असतात किंवा वैरी असतात. मलाही थोरला मुलगा होता. त्याने माझ्या आजारी, भोळ्या पत्नीस फितवून माझ्या घरातून नेले आणि तिचा अंत परक्या छपराखाली घडवला. अब्दुल्लास जे मिळाले ते न्याय्य होते. आमच्या काळात तो न्याय उपलब्ध नाही, एवढेच."

अब्दुल्ला धाकटा होता, थोरला नव्हता, ह्याचीसुद्धा त्यांना पर्वा नव्हती. आणि सासूबाई आजारी नव्हत्या. भोळ्या तर मुळीच नव्हत्या. दोन हजार नऊच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतः लीड्सला थोरल्या मुलाला फोन लावला, "हरीश, मला घेऊन जा. इथे माझ्याशी बोलायला कोणी नाही," असं सांगितलं आणि बॅग भरली. त्यांच्या साड्यांना इस्त्री मनीषाने केली होती. तीन वर्षांनी त्या लीड्सलाच वारल्या. मुरलीधरराव अंत्यविधीला पाहुण्यासारखे आले, चहासुद्धा न घेता चारच्या ट्रेनने परतले, आणि त्या दिवसापासून ह्या घरात हरीशचं नाव निघालं नाही.

"हा परिच्छेद काढा, बाबा," मनीषा मेमध्ये म्हणाली होती.

"इतिहासात भावनेला जागा नसते. तू टाइप कर."

आणि तिने टाइप केला. एकेक अक्षर, काना-मात्रा तपासून. त्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस येत होती.

*

रविवारी सकाळी मनीषाचा नवरा परीक्षित स्वयंपाकघरात उभ्याउभ्या टोस्ट खात होता. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, पण वडिलांचं पाऊल जिन्यावर वाजलं की टोस्ट मागे लपवल्यासारखा धरायचा. मनीषाला तो त्या अल-हकमची आठवण करून द्यायचा. खलिफाने ह्या वारसाला शेचाळीस वर्षांचा होईपर्यंत राजवाड्यात नुसता थांबवून ठेवला होता. सासऱ्यांनी त्या प्रकरणाला नाव दिलं होतं 'आज्ञाधारक पुत्र', आणि टाइप करताना मनीषा इतकी हसली होती की चहा कीबोर्डवर सांडला.

"दादा येतायत," ती हळूच म्हणाली.

परीक्षितचा घास थांबला. "कोणी बोलावलं?"

"बोलावलं नाही. येऊ नका म्हणून मेसेज केला होता. पुस्तकात तुमच्याबद्दल वाईट लिहिलंय असं कळवलं. तर उत्तर आलं, मग यायलाच हवं."

"हं."

"हं काय? बाबा सगळ्यांसमोर तेच पान वाचणार आहेत. मंडळाच्या नीनाताईंना सांगितलंय त्यांनी, माइक उंचीला लावून ठेवा, दोनशे अकरापासून वाचतो. तुझा सख्खा भाऊ समोर बसलेला असणार. तू काही करणार आहेस का?"

परीक्षितने ताटली धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "बघू," तो म्हणाला.

"बघू! तू बघतच राहा. प्रेसला फाइल पाठवण्याचं एवढं एक काम तुझ्याकडे होतं. तेव्हासुद्धा नुसतं बटण दाबलंस."

परीक्षित प्रोजेक्टरची वायर शोधायला गेला. तो उत्तर देईल अशी तिची अपेक्षाही नव्हती.

*

मराठी मंडळाने चर्चच्या मागचा हॉल घेतला होता. पन्नास खुर्च्या, भिंतीवर लहान मुलांनी रंगवलेलं बायबलातल्या नोहाच्या जहाजाचं चित्र, आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेले वडे. लोक आले होते ते बहुतेक वड्यांसाठी. दोघं-तिघं तरुण इंजिनियर नुकतेच पुण्याहून आलेले, त्यांना वाटत होतं कार्यक्रम स्पेनच्या टूरविषयी आहे.

मनीषा दाराशी उभी राहिली. हरीश आला तेव्हा तिनेही त्याला आधी ओळखलं नाही. डोक्यावर एक केस नाही, पांढरी दाढी, खांदे उतरलेले. लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. दिवसभर माणसांना झोपवतो आणि स्वतः झोपत नाही, असं सासूबाई म्हणायच्या. बरोबर त्याची एकोणीस वर्षांची मुलगी, सान्वी.

"काकू, माझी बाबा सकाळपासून काही खाल्ली नाही," सान्वी लगेच म्हणाली.

"माझा बाबा. खाल्लं नाही," हरीशने सुधारलं. मग मनीषाकडे बघून म्हणाला, "ग्रेट. हे असं मराठी चालू आहे आमच्याकडे. काय लिहिलंय ते सांग, मनीषा."

तिने सांगितलं. शब्द न् शब्द पाठ होता. हरीशने ऐकून घेतलं, पेशंटची फाइल ऐकावी तसं.

"आई भोळी होती असं लिहिलंय?"

"हो."

"त्याच एका शब्दासाठी आलो मी. बाकी सगळं त्यांना लिहू दे. आईला भोळी म्हणू देणार नाही."

"पुढे बसू नका, दादा. ते तुम्हाला ओळखणार नाहीत. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करून घेत नाहीत. खलिफाच्या काळात नव्हतं ना."

हरीश किंचित हसला आणि सातव्या रांगेत जाऊन बसला. परीक्षित हॉलच्या दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टरच्या वायरीशी खटपट करत होता. दोघा भावांची नजरानजर झाली. परीक्षितने मान हलवली आणि पुन्हा वायरीकडे वळला. तेरा वर्षांनी भाऊ भेटतो आणि हा वायर नीट करतो! मनीषाने तोंड फिरवलं.

*

नीनाताईंनी खोकं कात्रीने फोडलं, टाळ्या झाल्या, आणि मुरलीधररावांनी आपलं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं. कलप ताजा होता. गळ्यात शाल, हातात भिंग. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, पण आवाज असा की माइक उगाचच लावला असं वाटावं.

"मित्रहो, हा राजा गेला तेव्हा त्याच्या हातची एक नोंद सापडली म्हणतात. पन्नास वर्षांच्या राज्यात निखळ सुखाचे दिवस किती, तर चौदा. चौदाच! कारण राज्यकर्त्याला सुख परवडत नाही. त्याला न्याय करावा लागतो. पोटच्या मुलाचासुद्धा." ते थांबले. "ऐका. पान दोनशे अकरा."

पानं उलटल्याचा आवाज माइकमधून आला. मग भिंग कागदावर सरकलं. वर गेलं, खाली आलं. त्यांनी पान उलटून दोनशे बारा पाहिलं, मग पुन्हा दोनशे अकरा.

"इथे..." ते म्हणाले.

मनीषाने मांडीवरची प्रत उघडली. पान दोनशे अकराच्या मधोमध, जिथे तिने तो परिच्छेद टाइप केला होता, तिथे एक चित्र होतं. लाल-पांढऱ्या दगडांची घोड्याच्या नालासारखी कमान. त्याखाली बारीक अक्षरांत "कॉर्डोबा, अंतर्भाग". वरचा मजकूर नीट संपत होता, खालचा नीट सुरू होत होता. मधली पाच वाक्यं नव्हतीच.

प्रेसने? प्रेस असलं काही करत नाही.

"इथे मजकूर होता," मुरलीधरराव म्हणाले. "मनीषा!"

सगळ्या माना वळल्या. ती उठली. मी नाही केलं, असं सांगणं खरं होतं आणि त्याच क्षणी तिला ते सांगायची लाज वाटली. आपण केलं असतं तर किती बरं झालं असतं! ती तोंड उघडणार तेवढ्यात प्रोजेक्टरपाशी खुर्ची सरकली.

"तिनं नाही, बाबा. मी काढला."

परीक्षित उभा होता. हातात अजून वायर.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"माझ्या पुस्तकातला मजकूर तू काढलास? तू?"

त्या "तू"मध्ये एवढी तुच्छता होती, की पहिल्या रांगेतल्या बाईंनी वड्यांकडे बघितलं. मनीषाला तो "तू" चांगलाच ओळखीचा वाटला. तो तिचाच होता. रोज स्वयंपाकघरात ती तो असाच उच्चारायची.

"खोटं होतं ते," परीक्षित म्हणाला. आवाज कापत होता, पण तो बसला नाही. "आईनं फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. जिन्यात. तिनं दादाला बोलावलं. कोणी फितवलं नाही. खलिफाबद्दल काय हवं ते लिहा, बाबा. तो तक्रार करायला येणार नाही. आईबद्दल खोटं छापायला मी देणार नाही."

पुण्याच्या एका इंजिनियरने हातातला फोन खाली ठेवला.

"ठीक आहे," मुरलीधरराव म्हणाले. "छापलं नाहीस तर नाही. मला पाठ आहे." त्यांनी पुस्तक मिटलं, मान वर केली. "राज्यकर्त्याला पुत्र नसतात, वारस असतात किंवा वैरी असतात. मलाही थोरला मुलगा होता. त्याने माझ्या—"

सातव्या रांगेतून हरीश उठला.

"बोला, बाबा. दोनशे मैल गाडी चालवून ऐकायलाच आलोय."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. ते आवाजाच्या दिशेने पुढे वाकले. भिंग चुकून डोळ्याला लावलं, मग खाली घेतलं.

"हरीश?"

"हो."

सगळ्या हॉलला वाटलं, आता काही तरी भयंकर ऐकायला मिळणार.

"केस कुठे गेले तुझे?" मुरलीधरराव म्हणाले.

कोणीतरी हसलं. मग दोन-तीन जण. हरीशने डोक्यावरून हात फिरवला. "तुम्ही पाहिलं नाहीत, तेव्हा गेले."

मुरलीधररावांनी माइकवर बोट ठेवलं, काढलं. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं, मनीषाला ठाऊक होतं की पाठ होतं. पण कागदावर मान उडवणं निराळं आणि टकल्या, दमलेल्या, खऱ्या माणसाच्या तोंडावर बोलणं निराळं. त्यांचे ओठ दोनदा हलले. मग त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, वाटेल ते पान काढलं आणि खलिफाच्या राजवाड्यातल्या पाऱ्याच्या हौदाचं वर्णन वाचायला सुरुवात केली. पारा हलवला की भिंतींवर उजेडाच्या लाटा कशा धावत, परदेशी वकील कसे घाबरून जात, हौद किती हात लांब. पाणी आणि पारा ह्यांच्या वजनाची तुलना. चौदाव्या मिनिटाला नीनाताई हळूच वडे गरम करायला गेल्या. ज्या माणसाच्या दरबारात वकील थरथर कापायचे, त्याचा भाट भर सभेत आपल्या मुलाला घाबरून पाऱ्यामागे लपला होता. मनीषाला हसू यायला हवं होतं. आलंही, अर्धंच.

*

कार पार्कमध्ये परीक्षितने पाच खोकी गाडीच्या डिकीत रचली आणि वडिलांसाठी पुढचं दार उघडलं.

"फितूर माणसाच्या गाडीत मी बसत नाही," मुरलीधरराव म्हणाले.

"बाबा, थंडी आहे. घरी जाऊन भांडा," मनीषा म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. तुम्ही दोघं एक आहात."

मनीषाला वाटलं, चला, बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याला आणि परीक्षितला एका बाजूला धरलं.

लोक पांगत होते. वॉटफर्डच्या दिशेची शेवटची गाडीही निघून गेली, आणि परीक्षितची सोडली तर राहिली ती हरीशची, मागच्या काचेवर लीड्सच्या पार्किंगचं स्टिकर असलेली. मुरलीधरराव शाल सावरत तिच्याकडे चालत गेले आणि पुढच्या दारापाशी उभे राहिले. दुसऱ्या कोणीतरी दार उघडण्याची त्यांना आयुष्यभर सवय होती.

हरीशने उघडलं.

"लीड्सला किती वेळ लागतो?"

"एम वन हायवे मोकळा असेल तर साडेतीन तास."

"रेखाची खोली आहे अजून?"

"सान्वी झोपते तिथे."

"आजोबा, तुम्ही घ्या. मी सोफ्यावर झोपणार," सान्वी म्हणाली. "पण तुम्ही घोरते का? आजी सांगायची तुम्ही खूप घोरते."

"घोरता," मुरलीधररावांनी सुधारलं. "मी घोरत नाही. आजी काय काय सांगायची?"

"खूप. तुम्हाला नाही आवडणार."

"आधी एक," हरीश दाराला हात लावून म्हणाला. "आई भोळी नव्हती. ते म्हणा, मग बसा."

म्हातारा ताठ उभा राहिला. वाऱ्याने शाल उडत होती. मनीषाला वाटलं, आता हा इथेच गोठून मरेल पण म्हणणार नाही.

"भोळी असती तर राहिली असती," मुरलीधरराव म्हणाले आणि आत बसले.

हरीशने क्षणभर विचार केला. मग वाकून त्यांचा सीटबेल्ट लावला. "गोळ्यांची यादी मेसेज कर, मनीषा," एवढं म्हणून तो गाडीत बसला. मुरलीधररावांनी खिडकीतून मागे बघितलंही नाही. एका दुपारीत जुना वारस वैरी झाला होता आणि जुना वैरी सारथी. उद्या सकाळी सहाला लीड्सच्या घरात चहासाठी हाक घुमणार, आणि आठवड्याभरात सान्वीला पाऱ्याचं वजन पाठ होणार. त्या पोरीबद्दल मनीषाला खरोखरच वाईट वाटलं. पण गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा तिने सोडलेला श्वास इतका लांब होता, की परीक्षितने वळून पाहिलं.

*

घराकडे जाताना परीक्षित गाडी चालवत होता. मागे खोकी एकमेकांवर आपटत होती.

"कधी काढलंस?" तिने विचारलं.

"जूनमध्ये. तू फार्मसीत होतीस. पान मोकळं दिसायला लागलं, मग चित्र शोधलं. तीन दिवस लागले."

"तीन दिवस."

"मोठं चित्र घातलं तर पुढचं पान सरकायचं. छोटं घातलं तर लक्षात यायचं."

मनीषाने त्याच्याकडे बघितलं. बावीस वर्षं ह्या माणसाला ती भित्रा म्हणत आली होती. मैत्रिणींना त्याच्या नकला करून दाखवल्या होत्या, टोस्ट लपवण्याची तर फारच छान जमायची. आणि ती स्वतः मेमध्ये एकदा "काढा, बाबा" म्हणाली आणि मग मुकाट्याने काना-मात्रा तपासत बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

परीक्षितने राउंडअबाउटला उजवीकडची गाडी जाऊ दिली. मग आणखी एक जाऊ दिली, जायला जागा असूनही.

"तू हसली असतीस," तो म्हणाला.

"मी?"

"आधी हसली असतीस. मग म्हणाली असतीस, तुझ्याच्यानं होणार आहे का? आणि मग मला वाटलं असतं, खरंच होणार नाही. मग मी काढलं नसतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. रस्ता सांगावा तसं तो सांगत होता.

मनीषाला उत्तर द्यायची सवय होती. ह्या घरात तिच्याइतकं झटपट उत्तर कोणाकडेच नसायचं. आताही चार-पाच जिभेवर आली, सगळी मजेदार होती.

"हो," ती म्हणाली. "हसले असते."